कुल्फीची पेटी आणि साळूबाईंचं रक्त

मी पेटी. हसनाबादच्या भिवाची, कुल्फीची. आता मला पाहून कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. पत्र्याला पोचे आलेत, कड्या सैल झाल्यात आणि अंगावरचा गुलाबी रंग शोधावा लागतो. तरी बसा जरा. मला सांगायचं आहे. फक्त झाकण उघडं ठेवून गप्पा मारू नका, त्या सवयीचा मला फार राग येतो. उघडा, घ्या, लावा. माणसं ओळखायची माझी रीत तीच आहे.

जालन्यातल्या एका पत्रेवाल्यानं मला घडवलं. आत एक पत्रा, बाहेर एक पत्रा आणि मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा. भिवाचं लग्न नुकतंच झालं होतं. नवरा-बायको दोघं मला न्यायला आले होते. पत्रेवाल्यानं भुसा असाच ओतलेला पाहून भिवाच्या बायकोनं, बेबीनंदानं, पदर खोचला आणि ती त्याच्यावरच ओरडली. "असा नका भरू. ठोकून भरा बराबर. थंडी भाईर गेली तर आमचा धंदा गेला ना!" पत्रेवाला मुकाट्यानं ठोकायला बसला. मला ती बाई त्याच दिवशी आवडली.

भिवानं पेंटरकडून माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत 'बेबी कुल्फी' असं लिहून घेतलं. लोकांना वाटायचं, कुल्फी लहान लेकरांची म्हणून तसं नाव. भिवा कुणाला खुलासा करत बसायचा नाही. बायकोचं नाव गावभर मिरवायची त्याला हौस होती आणि लाजही वाटत होती.

पहाटेपासून बेबीनंदा दूध आटवायची. चुलीजवळ कढई, हातात उलथणं, आणि भिवा आसपास घुटमळला की त्याला काहीतरी काम. दूध साच्यांत ओतून झाकणाच्या फटीला ती कणीक लावायची. मग बर्फ. गोणपाटात गुंडाळून तो कुटायचा, माझ्या तळाशी एक थर द्यायचा, त्यावर जाड मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. भिवाला घाई असायची. तो मीठ विसरला की ती म्हणायची, "मीठ न्हाई तर बर्फ म्हंजे नुसतं गार पानी. दूध गोठायचं कशानं?" मिठानं बर्फाला कसला चेव येतो ते माझ्या पत्र्याला विचारा. आत हात घालणारा झटकन हात मागे घ्यायचा.

काय दिवस होते ते! सायकलच्या मागच्या कॅरिअरवर मी, पुढे घंटी वाजवणारा भिवा. हसनाबादचा बाजार, आजूबाजूच्या वाड्या, आणि चतुर्थीला राजूर. राजूरला गणपतीला आलेली माणसं आधी दर्शनाला जायची की आधी माझ्याकडे यायची, हे मी सांगत नाही, उगाच देवाला राग यायचा. नातवासाठी म्हणून कुल्फी घेऊन झाडामागे स्वतःच चोखणारे आजोबा मी पाहिलेत. नव्या नवरीला नवऱ्यासमोर खायला लाज वाटायची, मग ती पाठ फिरवून खायची आणि कुल्फी कोपरापर्यंत ओघळायची. भिवाच्या हातचं खावं की नाही, असा विचार करणारी घरं तेव्हा होती, आताही असतील. त्या घरांतली लेकरं मात्र घंटी ऐकली की सगळ्यांत आधी पळत यायची.

पुढे प्रिया झाली. ती रांगायला लागली तीच माझ्या कडीला धरून. आईनं तिला पहिली शिकवण दिली तीही माझ्याच बाबतीतली, "झाकन उघडं ठेवायचं न्हाई, माय." पोरीनं ती जन्मभर पाळली. पुढे काय झालं ते कळलं की तुम्हाला वाटेल, एकदा मोडली असती तर बरं झालं असतं.

मग बेबीनंदाच्या छातीत गाठ आली. तिनं ती किती दिवस लपवली कोण जाणे. कढई उतरवताना तिचा हात वर होईना, तेव्हा भिवाच्या लक्षात आलं. जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. मी तिथे नव्हते, पण त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला ती पाहिल्यासारखी वाटते. तिथे कॅन्सरवर संशोधन करणारी माणसं होती. त्यांच्यातल्या एका बाईनं बेबीनंदाला विचारलं, काढलेल्या गाठीतला एक बारीकसा तुकडा आम्ही अभ्यासासाठी ठेवला तर चालेल का, नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. बेबीनंदा म्हणाली, "बारीकसा कशाला, समदीच ठिवा. मला काय करायची हाय ती? पर माझ्या पोरीला असलं काय होऊ नये, एवढं बघा."

त्यानंतर वर्षभरानं ती गेली.

भिवानं धंदा सोडला नाही, पण कुल्फीला ती चव राहिली नाही. दूध करपायचं, साखर कमी-जास्त व्हायची. मीठ मात्र तो कधी विसरला नाही. थरावर मीठ टाकताना तिचं ते वाक्य तो पुटपुटायचा. मला वाटायचं, हे ऐकायला तरी ती येईल. तोवर किराणा दुकानांतून काचेचे फ्रीजर आले, त्यांत रंगीत कागदातली आइस्क्रीमं आली, आणि मी आठवड्यातले कितीतरी दिवस घराच्या कोपऱ्यात कोरडी पडून राहू लागले. कोरडेपणाची मला सवय नव्हती. फार वाईट वाटायचं.

प्रिया लॅबचा कोर्स शिकली आणि त्याच संशोधनवाल्यांकडे कामाला लागली. ज्या घरात एखाद्या बाईला हा आजार झालाय, तिच्या बहिणी, मुली, भाच्या यांच्याकडे जायचं, समजावून सांगायचं, हो म्हणाल्या तर हातातून थोडं रक्त घ्यायचं. हे काम लोकांना पटवणं सोपं नव्हतं. कुणी म्हणे, रक्त विकता का? कुणी म्हणे, आमच्या घरात तसलं काही नाही, आणि आत ती बाई ओढणीखाली टक्कल झाकून बसलेली असायची. पोर उन्हात दारात उभी. घरी आली की बापाला सगळं सांगायची आणि माझ्यावर डोकं टेकवून बसायची. माझा पत्रा गार असतो ना.

सगळ्यांत अवघड दार तिच्या सख्ख्या मावशीचं निघालं. साळूबाई, बेबीनंदाची थोरली बहीण, मंठ्याजवळच्या एका गावात राहतात. संशोधनाचं काम पाहणारे सोमेश्वर सर प्रियाला म्हणाले होते, तुझ्या आईच्या गाठीत एक दोष दिसतोय. तो फक्त त्या गाठीतच तयार झाला की घराण्यातून रक्तात आलाय, ते तपासलं पाहिजे. रक्तात आला असेल तर पुढच्या बायकांना आधीच सावध करता येतं. साळूबाईंचं रक्त मिळालं तर बरंच कळेल.

साळूबाई वर्षभर नाही म्हणत राहिल्या. "माझ्या बहिनीला कापलं, तुकडा ठिवून घेतला, आन् ती गेली. आता माझं रगत पायजे व्हय?" प्रिया परत यायची. आणि मग ऐन मे महिन्यात त्यांचा निरोप आला, उद्या ये, देते. का, ते सांगितलं नाही. साळूबाईंचा स्वभाव सगळ्यांना माहीत होता, उद्या म्हणजे उद्याच, परवा त्या बदलल्या असत्या. नेमकी त्याच वेळी संशोधनवाल्यांची निळी प्लास्टिकची पेटी जीपमधून पडून तिचं झाकण फुटलं होतं.

प्रियाची नजर माझ्याकडे वळली. तिनं मला उकळत्या पाण्यानं धुतलं, औषधानं पुसलं, उन्हात वाळवलं. इतक्या लाडानं मला बेबीनंदानंही धुतलं नव्हतं. "बाबा, उद्या हिच्यात बर्फ भरून द्या. रक्त गार राह्यलं पायजे," एवढं बोलून ती बाकीच्या तयारीला आत गेली.

भिवानं सकाळी बर्फ आणला. किती दिवसांनी त्याच्या हाताला वेग आला होता! गोणपाटात बर्फ कुटला. पहिला थर दिला. आणि त्याचा हात आपोआप मिठाच्या डब्याकडे गेला. मेव्हणीचं रक्त, पोरीचं काम, मे महिन्याचं ऊन. त्यानं नेहमीपेक्षा मूठभर जास्तच टाकलं. ओठ तेच वाक्य पुटपुटत होते. मला तरी काय कळत होतं? मीठ घातलं की मला अभिमानच वाटायचा.

साळूबाईंनी रक्त दिलं. प्रियानं नळ्या पिशवीत गुंडाळून माझ्यात ठेवल्या, झाकण लावलं, आणि मंठ्यापासून जालन्यापर्यंत एकदाही उघडलं नाही. आईची शिकवण. लॅबमध्ये सोमेश्वर सरांनी नळी बाहेर काढली, ती आडवी केली तरी रक्त हललं नाही. साच्यातल्या कुल्फीसारखं घट्ट गोठलं होतं. रक्त गार ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. गोठलं की त्यातल्या बारीक पेशी फुटतात आणि जे पाहायचं ते नासून जातं. सरांनी माझ्यातल्या बर्फाचा खडा बोटानं कुस्करला, वास घेतला आणि म्हणाले, "यात मीठ कुणी घातलं?"

घरी येऊन प्रियानं बापाला सांगितलं. ती ओरडली नाही. भिवा जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुझी माय सांगून गेल्ती, मीठ इसरायचं न्हाई." साळूबाई आता पुन्हा रक्त देणार नाहीत, हे दोघांना ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

सरांनी सुचवलं होतं, मावशीला म्हणा रक्त थोडं कमी पडलं. पण भिवा ऐकेना. "चूक माझी हाय. म्याच जाऊन सांगतो. खोटं बोलून रगत मागायचं न्हाई." दुसऱ्या आठवड्यात ते दोघं मला घेऊन एसटीनं निघाले. बर्फ भरलेला होता. निघण्याआधी प्रियानं त्यातला एक खडा जिभेवर ठेवून पाहिला, आणि बापाकडे पाहून हसली. भिवाला हसू आलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "काका, लई दिवसांनी! आहे का एखादी मलईची?" भिवा म्हणाला, "न्हाई बाबा, आज निस्ता बर्फ हाय."

साळूबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. प्रियानं मला त्यांच्या पुढ्यातच ठेवलं.

"काय वं पाव्हणं, तुम्ही कसं काय आले? पोचलं का माझं रगत?"

"पोचलं, अक्का. पर बर्फ होऊन पोचलं." भिवा उभाच होता. "म्या मीठ टाकलं बर्फात. सवय हो. खराब झालं समदं."

साळूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. त्या भिवाकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे माझ्या रगताची कुल्फी केली तुम्ही?"

भिवानं मान डोलावली.

साळूबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग इतक्या की सुपातली तूर सांडली. शेजारीण डोकावून गेली. "बेबी असती ना, तुम्हाला सोलून काढलं असतं तिनं!" असं म्हणताना त्यांचा आवाज फुटला आणि त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. बहीण गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, रागावल्याच होत्या, असं प्रिया नंतर म्हणाली. भिवा त्यांच्यासमोर खाली बसला आणि सांडलेली तूर गोळा करायला लागला.

जरा वेळानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "खरं सांगाया आले म्हणून देते. न्हाईतर बिलकुल दिलं नसतं. पर आधी हिचं काढा."

"कुणाचं?"

"हिचं. प्रियाचं. समद्या जिल्ह्याचं रगत काढून राह्यली ही. हिचं काढलंय का कुणी? बेबीची पोटची तर ही हाय."

भिवानं पोरीकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, ते केव्हाच झालं असेल. प्रिया नखानं माझा उरलासुरला रंग खरवडत होती. मग म्हणाली, "सर पहिल्याच दिवशी बोलले होते, मावशी. आधी तुझं तपासू म्हणून. मीच म्हनलं, आधी मावशीचं येऊ द्या." आणि थोड्या वेळानं, "मला भेव वाटतंय."

बायांना दारोदार जाऊन घाबरू नका म्हणणारी ही पोर! मला तिचा राग आला नाही. तिला कडीला धरून उभं राहताना मी पाहिलंय.

"मला न्हाई वाटत व्हय भेव?" साळूबाई म्हणाल्या. "वर्षभर कशापायी न्हाई म्हनत होते मी? चल, दोघी मिळून भेऊ."

त्यांनी स्वतःच प्रियाच्या दंडाला रबरी पट्टा आवळला. प्रियानं आपल्याच हाताची शीर चाचपली आणि आपल्याच हातानं सुई टोचली. भिवा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग साळूबाईंनी हात पुढे केला. दोघींच्या नळ्या शेजारीशेजारी माझ्या पोटात आल्या. राजूरच्या जत्रेत माझ्यात साच्यांची खेचाखेच असायची, पण इतकं जपून मी काहीच नेलं नव्हतं. त्या दिवशी रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मी अंगावर घेतला.

जालन्यात नळ्या निघाल्या तेव्हा रक्त हललं. सरांनी "छान" म्हणून त्या आत पाठवल्या. भिवा दाराशीच घोटाळत होता. शेवटी धीर करून त्यानं विचारलं, "साहेब, आमच्या मंडळींचा तुकडा हितंच हाय ना? बघाया मिळंल का?"

सरांनी क्षणभर विचार केला आणि एका कपाटातून एक वडी आणून त्याच्या तळहातावर ठेवली. पांढऱ्या मेणाची छोटीशी वडी, आणि तिच्यात डाळीएवढा पिवळसर तुकडा. भिवा दोन्ही हातांची ओंजळ करून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "हिला बर्फात न्हाई ठिवत?"

"नाही, काका. मेणातलं असंच साध्या कपाटात राहतं. बर्फाची गरज नसते."

"बरं झालं," भिवा म्हणाला. "जल्म सारा बर्फात हात होते तिचे." त्यानं वडी सरांच्या हातात परत दिली, मला उचललं आणि एसटी स्टँडकडे चालायला लागला. मी बर्फानं भरलेली असूनही त्याचे हात मला गरम लागत होते.

निकाल यायला पावसाळा उलटला. साळूबाईंच्या रक्तात तो दोष नव्हता. प्रियाच्या होता.

सरांनी समजावलं, याचा अर्थ आजार झालाय असा नाही. याचा अर्थ डोळे उघडे ठेवायचे, वेळच्या वेळी तपासण्या करायच्या, काही दिसलंच तर ते दिसल्या दिसल्या पकडायचं. भिवा मान हलवत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. प्रियाच म्हणाली, "बाबा, आईला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय." आता तिच्या तपासणीला प्रत्येक वेळी साळूबाई सोबत जातात. मंठ्याहून जालन्याला, बसच्या खर्चाबद्दल कुरकुरत आणि लायनीत पुढे घुसत. आतापर्यंत सगळं नीट निघालंय.

कुल्फीचा धंदा मात्र संपला. माझ्यातून रक्त नेलं हे भिवानं लपवलं नाही, आणि ते कळल्यावर माझ्यातली कुल्फी कोण खाईल? चतुर्थीला राजूरला जायचं त्यानं बंद केलं. माझं वय झालं होतं, तरी मला त्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू. लेकरांचे चिकट हात मला अजून हवेसे वाटतात. घंटी तर पुढच्या गल्लीत कुणाच्या सायकलवर वाजली तरी माझा पत्रा थरारतो. संशोधनवाल्यांची नवी पेटी आलीय, तिच्या झाकणावर आतली थंडी आकड्यांत दिसते. मे महिन्यात ती दमली की प्रिया मला बोलावते. एरवी मी भिवाच्या खिडकीखाली असते आणि साळूबाई आल्या की माझ्यावर बसून चहा पितात. त्यांचं वजन सोसतं मला, पण त्या उठताना माझ्याच डोक्यावर हात टेकून उठतात, तेवढं त्यांनी बंद करावं.

आता थांबते. एकच मागणं आहे. उद्या एखादी पोर रक्ताच्या नळ्या घेऊन तुमच्या दारात आली, तर द्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण तिला उन्हात उभी ठेवू नका. आत बोलवा, पाणी द्या, तिचं ऐकून घ्या. तसलीच सुई तिनं आधी स्वतःच्या हाताला टोचलेली असते.